ढोल थांबतात ते वळण

तात्यांकडे जायचं तर आधी त्यांच्या पडवीच्या खांबाकडे बघावं लागे. खांबाला पांढरं फडकं बांधलेलं असेल तर खुशाल जा, पाट ओढून बसा, चहा मागा. फडकं नसेल तर तुमच्या घराला आग लागलेली असली तरी मदत मागायला दुसऱ्या कोणाकडे जा. तात्या उभी हयात मालवाहू बोटींवर होते. खलाशांचे मुकादम, म्हणजे बोटीच्या भाषेत सारंग. निवृत्त होऊन ते पूर्णगडच्या अलीकडे आमच्या वाडीत कायमचे राहायला आले आणि आल्या आल्या त्यांनी हा बावटा सुरू केला. वाडीने पोट धरून हसून घेतलं. पण आमची वाडी हसते तशी ऐकतेही. वर्षभरात त्यांच्याकडे चहाला टेकणारी मासळीवाली टोपली डोक्यावर घेऊन वाटेवरूनच ओरडायला लागली, "बावटा नाय आज! उद्या येतंय!" आणि पोस्टमन टपाल कुंपणाच्या काठीला खोचून निघून जायला लागला.

तात्यांचं खरं नाव मी सांगत नाही. स्वतःबद्दल कोणी काही लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि आवडलं नाही तर ते तसं तोंडावर सांगत. माझ्या आजीला त्यांनी एकदा भजन चालू असताना सांगितलं होतं, "तुमचा सूर चुकतोय, टाळ वाजवा नुसता." आजी पुढे महिनाभर त्यांच्या घरावरून जाताना तोंड फिरवून जायची. तात्यांच्या ते लक्षातही आलं नाही. कुणी रुसलंय हे त्यांना मुद्दाम कळवावं लागे, आणि कळलं की ते लगेच जाऊन विचारत, "काय केलं म्हणजे रुसवा संपेल?" आजीने शहाळं मागितलं. तात्यांनी शहाळं नेऊन दिलं. प्रकरण मिटलं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. वाडीत मला 'ती पोर' म्हणत. मिक्सर लागला की मी कानावर हात ठेवून पाणंदीत पळायची. चवड्यांवर चालायची. रोज तोच निळा फ्रॉक, धुवायला टाकला तर रडून घर डोक्यावर. पाहुण्यांनी "काय गो, कितवीत हायस?" विचारलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, आणि हात आपोआप दोन्ही बाजूंना फडफडायला लागायचे. बाबा मुंबईला गिरणगावातल्या एका गोदामात नोकरीला. आई बिचारी मला पदराखाली घ्यायची. आजी मात्र म्हणायची, "हिला कुठली तरी बाधा हाय."

तात्यांच्या पडवीत मी पहिल्यांदा गेले ती अशीच पळत. शेजारी लाकडं कापायचं यंत्र सुरू झालं होतं. खांबावर बावटा होता की नव्हता, मी बघितलंच नाही. तात्या खुर्चीत बसून हातातल्या दोराच्या तुकड्याला गाठी मारत होते. मारायच्या, सोडायच्या, पुन्हा मारायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, काय झालं विचारलं नाही, नाव विचारलं नाही. आवाज थांबल्यावर फक्त म्हणाले, "बंद झाला." मी म्हटलं, "हो." मोठ्या माणसाशी इतकं सोपं बोलणं माझ्या आयुष्यात तोवर झालं नव्हतं.

मग मी रोज जायला लागले. अर्थात खांब बघून.

एकदा माझे हात फडफडताना त्यांनी पाहिले आणि दोराचा तुकडा माझ्याकडे टाकला. "मी तुज्याएवढा व्हतो तवा माजे पन हात असेच उडायचे," ते म्हणाले. "बाप पायरीवर बसवायचा आनि हात पाठीमागं बांधून ठेवायचा."

"मग?"

"मग काय. मोठा झालो, बोटीवर गेलो. तिथं हातात दोर दिला. दोराला गाठी मारनारा मानूस येडा नसतो, कामाचा असतो."

त्यांच्या आवाजात ना राग होता ना दुःख. उद्या भरती किती वाजता आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी मात्र त्या पायरीवरच्या मुलाचा पुष्कळ दिवस विचार करत राहिले.

तात्यांचं जेवण म्हणजे पेज, मेतकूट आणि भाजलेला पापड. पापलेट, सुरमई ज्या किनाऱ्यावर रोज उतरते तिथे हा माणूस मासळीला शिवत नसे. लहानपणी त्यांना यावरून बडवलं होतं म्हणे. बोटीवर त्यांना एक युक्ती सापडली. ती त्यांनी मला कपाटातली ठेवणीतली वस्तू काढून द्यावी तशी दिली: "लोकांना कारन लागतं. 'आवडत नाय' ह्ये कारन न्हवं. 'डॉक्टरनं सांगितलंय' ह्ये कारन." अशा त्यांच्या बऱ्याच युक्त्या होत्या. लग्नाला जायचं तर मांडवात बसायचं नाही, पाणी वाटायचं काम मागून घ्यायचं, कारण पाणी वाटणाऱ्याला कोणी "काय मग, कसं काय?" म्हणून थांबवत नाही. माणसाच्या डोळ्यांत बघवत नसेल तर साहेबाच्या टोपीवरच्या बिल्ल्याकडे बघायचं, त्याला वाटतं आपल्याच डोळ्यांत बघतोय. मी म्हटलं, "बायकांना कुठे टोपी असते?" तात्यांनी हातातली गाठ सोडून पुन्हा मारली. मग म्हणाले, "कुकवाकडं बघ."

आता माझ्या बालपणातली मोठी अडचण सांगायला हवी. ती म्हणजे शिमगा.

आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी देवळातून बाहेर पडते, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसते आणि तिथून वाडीवाडीत, घराघरात जाते. चाकरमानी एरवी आईवडिलांच्या आजारपणाला येणार नाहीत, पण पालखीला येतात. पालखी दारात आली की घरच्या लेकीसुना ओटी भरतात. वर्षातून एकदा देवी स्वतः चालत तुमच्या पायरीपर्यंत येते, याहून मोठं काही आमच्या आजीच्या लेखी जगात नव्हतं. आणि पालखीच्या पुढे ढोल-ताशे. त्या ढोलाचा आवाज माझ्या कानात शिरत नसे, छातीत शिरे, दातांत शिरे. दरवर्षी पालखी आमच्या वाडीत वळली की मी मागच्या दाराने काजूच्या बागेत पळून जायची. एका वर्षी पालखी दारात उभी, आई ओटीचं ताट घेऊन उभी, आणि घरची एकुलती लेक गायब. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "देवीला पाठ दाखवते म्हंजे आत दुसरंच कायतरी बसलंय."

पुढचा शिमगा जवळ आला तेव्हा आजीने ठरवून टाकलं होतं. या खेपेला पोर दारात उभी राहिली तर ठीक, नाहीतर धुळवड झाली की तिला घाटाच्या पायथ्याच्या देवरशाकडे न्यायचं. हा देवरशी मिरच्यांची धुरी देतो आणि वेताच्या छडीने बाधा काढतो हे सगळ्यांना माहीत होतं. आईने दोनदा "नको" म्हटलं आणि मग ती नुसतीच रडत बसली. मी सगळं ऐकून तात्यांकडे गेले आणि म्हटलं, "मला धुरी देणारायत."

दुसऱ्या कोणी मला जवळ घेतलं असतं. तात्यांनी विचारलं, "ढोल किती लांब असला तर चालतो?"

मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी घरातला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काढला, एक दांडकं घेतलं, मला आमच्या पायरीवर उभं केलं आणि डबा बडवत बडवत वाटेने चढणीला लागले. "हात काढ कानावरचे जमलं की!" ते ओरडले. विहिरीपाशी थांबून वाजवलं, मी नाही म्हणून मान हलवली. चिऱ्याच्या गडग्यापाशी वाजवलं, मी मान हलवली. वाडीतली माणसं दारात येऊन हा तमाशा बघत होती. शेवटी वाट जिथे वळते तिथल्या जुन्या फणसाखाली ते पोचले आणि वाजवायला लागले. मी हळूहळू कानावरचे हात खाली घेतले. तात्यांनी डबा खाली ठेवला, फणसाच्या बुंध्यावर हात थापटला आणि परत आले. येताना म्हणाले, "पुढचं माज्याकडं."

पण पुढचं म्हणजे काय? तात्या चार माणसांत बोलत नसत. सभेत, बैठकीत, मयतीतसुद्धा नाही. चार जण एकदम बोलायला लागले की त्यांची कुठल्याच बोलण्यावर पकड राहत नसे, हे त्यांनी मला सांगितलं होतं. आता ते मानकऱ्यांपुढे उभं राहून ढोल थांबवा म्हणून कसे सांगणार?

पालखी सहाणेवरून उठण्याआधी गाऱ्हाणं घालतात. गावकर देवीसमोर नारळ ठेवून हात जोडतो आणि सगळ्या गावाच्या वतीने तिला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पिढ्यान्‌पिढ्या असंच. तात्यांना हा प्रकार फार आवडे. "ह्ये बोलनं बरं," ते म्हणत. "कवा कुनी बोलायचं आनि दुसऱ्यानं काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं."

त्या दिवशी गावकराचं गाऱ्हाणं संपलं. भोई पालखीला खांदा द्यायला पुढे झाले. तेवढ्यात तात्या गर्दीतून पुढे आले. हातात दोराचा तुकडा, नजर नारळावर. आणि त्यांनी खड्या आवाजात सुरू केलं:

"आये गावदेवी म्हाराजा! आज सगळा गाव तुज्या पायाशी येक जागी जमलाय…"

लोक जरा गोंधळले. पण गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की आमच्याकडे तोंडं आपोआप उघडतात. "व्हय म्हाराजा!"

"कुनाची होडी दर्यात असंल, तिला सुखरूप बंदराला लाव…"

"व्हय म्हाराजा!"

"कुनाच्या कलमाला कैरी धरली असंल, तिला वाऱ्यापावसात सांभाळ…"

"व्हय म्हाराजा!"

"आनि फनसाच्या वळनापासून खालच्या शेवटच्या घरापर्यंत ढोलताशा गप ऱ्हाऊ दे, तुजी पालखी शांतपनानं लेकरांच्या दारात येऊ दे, आनि परत वळनावर आली का दुप्पट वाजू दे…"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा "म्हाराजा" हवेत असतानाच लोकांच्या चेहऱ्यावर उजाडलं. ढोल गळ्यात अडकवलेला म्होरक्या म्हणाला, "आँ? आपन आत्ता काय बोललाव?"

गावकर मोठा मिस्कील म्हातारा होता. त्याने नारळाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "द्येवीसमोर व्हय म्हटलासा. आता मागं कसं घेनार? उचला पालखी."

मी आईचा हात धरून पायरीवर उभी होते. वरच्या अंगाला ढोल घुमत होता आणि माझे पाय काजूच्या बागेकडे ओढ घेत होते. मग ढोल फणसापाशी आला आणि थांबला. एकदम. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की पालखीला तिचे स्वतःचे आवाज असतात. दांड्याची करकर, भोयांचे अनवाणी पाय, छत्राला लावलेल्या बारीक घुंगरांची किणकिण. देवी आमच्या पायरीशी आली. तांदूळ थोडे सांडले, पण नारळ आणि खण मी स्वतःच्या हातांनी तिच्या ओटीत घातला. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात मला आजही जाणवतो.

दुसऱ्या दिवशी आजी विहिरीवर बायकांना सांगत होती, "पोरीला काय नाय झाल्यालं. द्येवीलाच ढोल नको व्हता, त्ये पोरीला आदी कळलं." देवरशाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, आणि पुढे दरवर्षी ढोल त्या फणसाशी थांबायला लागले.

पालखी पुढे गेली त्याच दिवशी मी धावत तात्यांकडे गेले होते. खांबावर बावटा नव्हता. एवढं चारचौघांत बोलून आल्यावर ते आत अंधारात पडून होते. मी कुंपणाबाहेरूनच परत फिरले, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

पुढे मी रत्नागिरीला शिकले आणि तिथल्याच एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागले. "इथे उभे राहा. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." दिवसभर हीच वाक्यं, आणि समोरचा माणूस सांगितलं तसंच करतो. माझ्यासाठी ते गाऱ्हाणंच आहे म्हणा ना. पण नोकरी म्हणजे फक्त काम नसतं. वाढदिवस असतात, डब्यांची वाटावाटी असते, बाकीच्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही असे विनोद असतात. मी ठरवलं होतं की आता कोणाला काही दिसू द्यायचं नाही. बाकीच्या मुलींचं हसणं मी शिकून घेतलं, त्यांच्यासारखी मान वेळावणं शिकून घेतलं, खोलीवर आरशासमोर सराव केला. सगळे म्हणत, किती मनमोकळी मुलगी आहे. आणि मग एका सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. ताप नाही, दुखणं नाही. नुसतं उठता येईना, बोलता येईना, खिडकीचा पडदा बाजूला केलेला सोसवेना.

आईने तात्यांना सांगितलं असावं. ते एसटीने आले, सोबत पेजेचा डबा. मला जेवायला घातलं, पडदा नीट ओढला आणि कोपऱ्यात बसून गाठी मारत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "बोटीवर आपला वॉच, म्हंजे पहारा, संपला का मानूस खाली जाऊन झोपतो. कप्तानसुदिक झोपतो. तू दिवसरात डेकवर हुबी हायस."

मी म्हटलं, "खाली गेले तर लोकांना कळेल मी कशी आहे ते."

"कळू दे की. मी बोटीवर तीस वर्सं काडली, मला वाटलं माजं हात उडनं, सगळं गेलं. काय जात नाय. फकस्त तिथं घंटा व्हती, टाईम व्हता, दोर व्हता. घरी आलो, घंटा ऱ्हायली बोटीवर. पयल्या आठवड्यात मी पडवीत बसून पुन्ना हात उडवत व्हतो, तुला सांगतो. म्हनून बावटा लावला." मग त्यांनी विचारलं, "तुजा बावटा कुटं हाय?"

तोपर्यंत मला वाटत होतं की बावटा ही म्हाताऱ्याची लहर आहे.

आता दुपारच्या सुट्टीत मी एक्स-रेच्या खोलीत दिवा मालवून एकटी जेवते. सुरुवातीला सांगायची, डॉक्टरने सांगितलंय. आता तेही सांगत नाही, मला असं लागतं एवढंच सांगते, आणि गंमत म्हणजे चालतं. एप्रनच्या खिशात दोराचा तुकडा असतो. लहानपणची फडफड कुठे गेली नाही, नोकरीला लागली.

गेल्या वर्षी पुण्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन मी या सगळ्याला नाव मिळवून आले. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. लहानपणी काय होत होतं, आता काय होतं, मधल्या काळात ते कसं झाकलंत. शेवटी म्हणाल्या, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा मराठी शब्द मला काही पटला नाही, कारण मी स्वतःत कधी मग्न नव्हते, मला बाहेरचंच सगळं फार जोरात ऐकू येत होतं. पण नाव मिळाल्याचं बरं वाटलं. बाई म्हणाल्या, "एवढ्या लहान वयात तुम्हाला हे सगळं कोणी शिकवलं? तेव्हा इथे कोणाला ठाऊकही नव्हतं." मी म्हटलं, "आमच्याकडे एक सारंग होते."

होते, असं म्हणावं लागलं. तात्या दोन पावसाळ्यांपूर्वी झोपेत गेले. त्या सकाळी खांबावर बावटा नव्हता म्हणून रिवाजाप्रमाणे दुपारपर्यंत कोणी तिकडे फिरकलं नाही. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमायला लागली होती. मासळीवालीने टोपली खाली ठेवली, आत जाऊन पांढरं फडकं शोधून आणलं आणि खांबाला घट्ट बांधलं. "आज सगळी येनार हायत," ती डोळे पुसत म्हणाली, "बावट्याबिगर आल्यालं त्यांना चालायचं नाय."

तात्या गेल्यावर पहिल्यांदाच या वर्षी शिमग्याला गेले ती धास्तावूनच. तात्या नाहीत, तो मिस्कील गावकरही नाही, त्याचा नातू आता गाऱ्हाणं घालतो. त्यातून मुंबईच्या मुलांनी नवे, माणसाच्या छातीएवढे ढोल आणले होते. वळणावर थांबायचं हे त्यांना कोण सांगणार आणि ते कोणाचं ऐकणार? कानात बोळे घालून मी सहाणेवर बायकांच्या मागे उभी राहिले. आई आता थकली आहे. ती घरी पायरीवर ओटीचं ताट घेऊन माझी वाट बघत होती.

नातवाने नारळ ठेवला, हात जोडले. होड्या झाल्या, कलमं झाली, चाकरमानी झाले. मग तो म्हणाला, "आनि फनसाच्या वळनावरच्या राखनदारा म्हाराजा! तुला गलका चालत नाय. तुज्या हद्दीत आमी ढोल वाजवनार नाय. तू आमच्या पोराबाळांवर नजर ठेव…"

मी बोळे काढले. राखणदार म्हणजे आमच्याकडे वाडीची हद्द सांभाळणारं अदृश्य दैवत. शेजारी वाडीत नव्याने लग्न होऊन आलेली एक सून उभी होती. तिला विचारलं, "हा राखणदार कधीपासून?"

"पयल्यापासून हाय," ती म्हणाली. "लय जुना हाय म्हनतात. कडक हाय, पन लेकरांना सांभाळतो."

मला सांगावंसं वाटलं की बाई गं, तो पेज खायचा, त्याच्या हातात दोर असायचा, आणि माझ्या आजीचा सूर चुकतो हे त्याने तिला तोंडावर सांगितलं होतं. पण तोपर्यंत सगळ्या गावाने आवाज दिला होता, "व्हय म्हाराजा!"

गर्दीच्या आवाजात मी आयुष्यात कधी माझा आवाज मिसळला नाही. आरतीत नाही, राष्ट्रगीतात नाही, नुसते ओठ हलवले. त्या दिवशीही सगळ्यांबरोबर जमलंच नाही. सगळे गप्प झाल्यावर मागून माझा एकटीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

पुढच्या बायकांनी वळून पाहिलं. मी त्यांच्या कुंकवाकडे बघितलं.